गाढव म्हटल्याचे पेढे

आमच्या ह्यांनी सगळ्या भावकीसमोर माझ्या चुलत दिराला गाढव म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मी गावभर पेढे वाटले. लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलं असेल. पण पेढे सगळ्यांनी घेतले, आणि ज्यांना गाढव म्हटलं त्यांनी तर दोन घेतले.

हे कसं झालं ते मीच नीट सांगते. कारण आता जो तो आपापल्या परीनं सांगत सुटलाय, आणि ज्याच्या तोंडी गोष्ट तोच तिच्यात शहाणा ठरतोय.

आमचं गाव वेल्ह्याकडच्या खोऱ्यात. माझं माहेर कामथडीचं, हमरस्त्याजवळचं, दिवसरात्र गाड्यांचा आवाज. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिले आठ दिवस मला शांततेमुळं झोप आली नाही. नवव्या दिवशी ह्यांचा आवाज ऐकला आणि काळजी मिटली. आवाज असा की ह्यांनी वरच्या वाडीतल्या माणसाला हाक मारली तर खालच्या वाडीतली म्हैस मान वर करायची. मी म्हणायची, "अहो, मी दोन हात लांब उभी आहे, नदीपलीकडं नाही." त्यावर हे आणखी चढ्या आवाजात म्हणायचे, "मी हळूच बोलतोय."

हे शेतकरी. डोंगराच्या उतारावर भाताची चार खाचरं, एकाखाली एक, आणि दोन म्हशी. मी अंगणवाडी सेविका होते, तीस वर्षं मुलांची नाकं पुसली, आता घरी असते. माझा स्वभाव तापट आणि ह्यांचा माझ्याहून तापट. आमचा संसार भांडणावर चालला असं कुणी म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही, कारण ते खरं आहे.

गेल्या शिमग्यानंतर एका सकाळी हे धार काढायला बसले आणि बसल्या जागी कलंडले. उजवा हात, उजवा पाय लुळा, तोंड वाकडं. शेजारच्या टेम्पोत घालून नसरापूर गाठलं, तिथून पुणं. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार कधी फिटायचे नाहीत. महिनाभरात पायात बळ आलं, काठी घेऊन हे चालू लागले. हातात पेला धरता यायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. समजायचं सगळं, अगदी मी स्वैपाकघरात काय पुटपुटते तेसुद्धा. पण बोलायला गेले की ओठ हलायचे आणि बाहेर यायचं नुसतं "त... त... त".

पुण्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले काही महिने फार महत्त्वाचे आहेत. ह्या दिवसांत ते बोलायला धडपडले तर शब्द परत येतील. एकदा का त्यांनी नाद सोडला आणि गप्प राहायची सवय लागली, की मग अवघड." आठवड्यातून तीनदा घेऊन या म्हणाल्या. आमच्या गावातून एसटी धरून पुण्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस, यायचं म्हणजे उरलेला अर्धा. आजारी माणसाला घेऊन तीनदा कसं जमावं?

मार्ग आमच्या मुलानं काढला. तो पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. मुलगा गुणी आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी त्याला नावं ठेवील. त्यानं एक टॅब आणला, ह्यांच्या पलंगाशेजारी स्टँडवर लावून दिला. म्हणाला, "आई, ह्याच्यात एआय आहे. माणसासारखं बोलतं, मराठीत. बाबांकडून रोज सराव करून घेईल. शंभर वेळा विचारेल, पण कंटाळणार नाही, चिडणार नाही, आवाज चढवणार नाही."

मी म्हटलं, "म्हणजे सगळं माझ्या उलट." तो हसला. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. आपल्याला जे येत नाही ते करणारं कुणीतरी घरात आलं, असं वाटलं.

टॅबमधली बाई गोड होती, नाही कशाला म्हणू. "नमस्कार काका, आज कसं वाटतंय?" असं म्हणायची आणि चित्रं दाखवायची. सफरचंद, विमान, छत्री. "हे काय आहे, काका?" मग थांबायची. मग स्वतःच सांगायची, "छ-त्री. म्हणा बरं." ज्या माणसानं साठ पावसाळे चिखलात काढले त्याला ती छत्री ओळखायला लावत होती. एकदा तर पेंग्विन आला. ह्यांनी पेंग्विनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तो काय पक्षी आहे ते मलाही आधी आठवलं नाही.

हे तिला उत्तर द्यायचे नाहीत. सुरुवातीचे चार-सहा दिवस "त... त" केलं, मग तेही सोडलं. एका सकाळी ह्यांना चहाचा ठसका लागला. लगेच आतून आवाज आला, "खूप छान प्रयत्न, काका! पुन्हा एकदा करूया?" मला हसू फुटलं होतं, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि ते तिथंच गिळलं. ठसक्याला शाबासकी मिळाल्यावर माणसाची काय अब्रू राहिली? हे भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. सकाळचे दहा वाजले होते.

पण एकट्या टॅबला कशाला बोल लावू, मीही काही वेगळं करत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना ताण देऊ नका. त्याचा अर्थ मी असा घेतला की ह्यांना तोंड उघडायची वेळच येऊ द्यायची नाही. ह्यांनी माठाकडं पाहिलं की पेला हातात. उशाशी चाचपलं की चष्मा नाकावर. कुणी येऊन विचारलं, "काय दादा, कसं काय?" की ह्यांचे ओठ हलायच्या आत मी म्हणायची, "बरं आहे आता त्यांचं." सगळा गाव तसाच. ज्यांनी ह्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या तीच माणसं येऊन बाळाशी बोलावं तसं बोलायची, "दादा, जेवला का? सगळं संपवलं का?" चाळीस वर्षांत आमच्या घरात एवढी शांतता झाली नव्हती, आणि ती मला खायला उठायची.

मुलगा आधी दर रविवारी यायचा. टॅब आल्यावर पंधरवड्यानं यायला लागला, मग महिन्यानं. "बाबांनी किती वेळ सराव केला ते मला इथं मोबाईलवर दिसतं ना, आई," म्हणायचा. त्याला तिथं काय दिसत होतं कोण जाणे. इथं मला दिसत होतं की मे संपला, जून संपत आला आणि ह्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही. पुण्याच्या बाईंचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. हे आता हळूहळू गप्प राहायला सरावतायत, हे मी डोळ्यांनी बघत होते. जेवताना मान खाली, जेवून झालं की भिंतीकडं तोंड. हे मरतील ह्याची भीती सरली होती. हे असेच जगतील ह्या विचारानं मी रात्री उठून बसायची.

तेवढ्यात लावणी तोंडावर आली.

आमच्याकडं भाताची लावणी सावडीवर होते. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या सगळ्यांनी मिळून माझं. आठ-दहा घरं असतात, प्रत्येक घरचं एक-दोन माणूस. लावणीच्या आधी सगळे एका ओट्यावर बसतात आणि क्रम ठरवतात, कुणाचं खाचर आधी आणि कुणाचं नंतर. ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी वरून खाली येतं. वरच्या खाचरात चिखल करताना बांध फुटला, तर खाली काल लावलेलं रोप आज गाळाखाली जातं आणि त्या घराचं वर्ष जातं. म्हणून क्रम ठरवायला जाणता माणूस लागतो. गेली वीसेक वर्षं तो माणूस म्हणजे हे.

बैठक आमच्याच ओट्यावर व्हायची. यंदा कुणीतरी म्हणालं, दादांना कशाला त्रास, देवळात बसू. तेव्हा माझी धाकटी जाऊ म्हणाली, "बसायचं तर दादांच्याच वट्यावर. जागा मोडायची न्हाई." तिचे मी किती आभार मानू ते मला अजून कळत नाही.

ह्या जावेचे यजमान म्हणजे ह्यांचे चुलत भाऊ, माझे भाऊजी. त्यांची खाचरं आमच्या खाचरांच्या बरोबर खाली. ह्यांची आणि त्यांची पाण्यावरून चाळीस वर्षं जुंपलेली, पण एकमेकांच्या सावडीला दोघं एकदाही चुकले नाहीत. ह्यांच्या आजारपणात भाऊजी दोनदाच आले. दारात उभे राहिले, खाकरले आणि गेले. गोड बोलणं त्यांच्या जिभेला जमत नाही आणि भांडायची सोय राहिली नव्हती, मग येऊन करायचं काय?

त्या संध्याकाळी ह्यांना खुर्ची दिली, बाकी सगळे सतरंजीवर. मी चहा आणायला आत गेले. बाहेर भाऊजी सांगत होते, "माझं रोप जुनं झालंय, पिवळं पडाय लागलंय. तवा यंदा खालनं धरू. आधी माझी खाचरं, मग दादाची." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं.

आणि ह्यांनी काठी ओट्यावर आपटली.

"न्हाई."

मी चहाचं पातेलं घेऊन दारात होते. ते हातातून कसं पडलं नाही, देवाला ठाऊक. चार महिन्यांनी आलेला पहिला शब्द, आणि तो "न्हाई". आणि मी काय करावं? मी जे रोज करत होते तेच केलं. म्हटलं, "राहू द्या, राहू द्या. त्यांना दमवू नका. ते बघा, घाम आलाय त्यांना."

भाऊजी माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमी जरा गप ऱ्हावा." मग ह्यांच्याकडं वळले. "का न्हाई?"

"त... त..."

"त त करून मला कळत न्हाई. माझं रोप पिवळं पडतंय. म्या उद्या लावणार हाय. का न्हाई ते सांग, न्हाईतर गप बस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी माणसाशी ही बोलायची रीत? मी पातेलं खाली ठेवलं. भाऊजींना ओट्यावरून उठवायचं मी ठरवलं होतं, कोणते शब्द वापरायचे तेही जुळवून झाले होते आणि त्यातला एकही सांगण्यासारखा नव्हता. पण ह्यांच्याकडं नजर गेली आणि थांबले. हे रागावले होते. मान लाल, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, डोळे भाऊजींवर रोखलेले. चार महिन्यांत मी ह्यांना एवढं जिवंत पाहिलं नव्हतं.

भाऊजी थांबून राहिले. ते धीर देत नव्हते, शब्द सुचवत नव्हते, शाबास म्हणत नव्हते. त्यांना उत्तर पाहिजे होतं, एवढंच. त्यांचं रोप त्या उत्तरावर अडलं होतं.

"खे..." हे म्हणाले. मग पुन्हा, "खे... खेकडं."

"खेकड्यांचं काय?"

"बां... बांध."

"कुठल्या बांधाला? माझ्या का तुझ्या?"

ह्यांनी डावा हात वर केला, डोंगराकडं दाखवला आणि एकेक शब्द उपटून काढावा तसं म्हणाले, "माझ्या. वरल्या." मग श्वास घेतला. "गाढवा."

गाढवा मात्र सलग आलं, एका दमात, पूर्वीच्या आवाजात. खालच्या वाडीपर्यंत गेलं असेल.

खेकडी बांधात बिळं करतात. वरून बांध धडधाकट दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. दरवर्षी चिखल करायच्या आधी हे बांधावरून वाकून हातानं चाचपत जायचे आणि एकेक बीळ बुजवायचे. यंदा ते काम कुणी केलंच नव्हतं. कुणाच्या ध्यानातही नव्हतं, माझ्यासुद्धा. ह्यांच्या एकट्याच्या डोक्यात ते होतं आणि तिथं कुलूप लागलेलं.

भाऊजी उठले, तडक वर गेले. उजेड होता अजून. अर्ध्या तासानं आले ते कोपरापर्यंत चिखलानं भरून. "सात बिळं हायती," म्हणाले. "एकात तर अख्खा हात जातोय. दादा, माझं समदं रोप गेलं असतं." आणि मग चाळीस वर्षं भांडलेला हा माणूस आमच्या ओट्याच्या पायरीवर बसून रडला. हे रडले नाहीत. हे जिंकले होते, हे कशाला रडतील. मी रडले, उघडपणे, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता.

रडणं आवरल्यावर भाऊजी म्हणाले, "आनखी एकदा म्हण."

ह्यांनी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वेल्ह्याला जाऊन मी पेढे आणले.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच आनंदानं. पण डोकं शेवटी कंप्युटरवाल्याचं. म्हणाला, "आई, मग त्या प्रोग्रॅमलाही जरा वाद घालायला लावू. मुद्दाम चुकीचं बोलायला सांगतो त्याला." आणि खरंच पुण्यात बसून त्यानं काहीतरी बदललं. दुसऱ्या दिवशी टॅबमधली बाई म्हणाली, "काका, भाताची लावणी उन्हाळ्यात करतात, बरोबर ना?" ह्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, बिडी मागितली. बिडी डॉक्टरांनी बंद केलेली, ती मी दिली नाही, पण मागितली तोंडानं.

मग मीच भांडून बघितलं तिच्याशी. म्हटलं, "तुला काय कळतंय गं भातातलं, शहाणे?" तर ती म्हणते, "आपलं अगदी बरोबर आहे. माझी चूक झाली, क्षमा करा." आता जी भांडण सुरू व्हायच्या आत पाया पडते तिच्याशी कुणी आणि कसं भांडावं? माझी तर सगळी हौसच गेली.

मी पुष्कळ विचार केला ह्यावर. अंगणवाडीत मी तीस वर्षं मुलं बोलायला लागताना पाहिली. टाळ्या वाजवल्या म्हणून बोलायला लागलेलं मूल मला एक आठवत नाही. शेजारच्या पोरीनं ताटलीतला लाडू उचलला, की मुक्यासारखं बसलेलं पोर "माझा" म्हणून किंचाळायचं. हे सगळं मला पाठ होतं आणि ऐन वेळी माझ्याच घरात विसरले. टॅबला उत्तर नकोच होतं. ह्यांनी छत्री म्हटलं काय आणि न म्हटलं काय, तिचं एक रोप वाहून जाणार नव्हतं. भाऊजींचं जाणार होतं. म्हणून भाऊजींच्या उद्धट प्रश्नाला जे वजन होतं ते तिच्या हजार गोड प्रश्नांना आलं नाही. माणसाला नुसतं कुणी सांभाळून भागत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हेही त्याला कळावं लागतं. जो नुसता देतो आणि कुणाकडून काही घेत नाही त्याला आमच्या सावडीत जागा नाही, मग तो कितीही भला असो. टॅब तसाच होता बिचारा.

तसा मी त्याचा राग धरला नाही. गोळ्यांची वेळ तो अजून सांगतो, माझ्यापेक्षा नेमानं सांगतो.

पेढे वाटून घरी आले आणि पहिलं काम हे केलं की पेला हातात द्यायचा बंद केला. हे माठाकडं बघायला लागले. मी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसले. ह्यांनी काठी आपटली. मी म्हटलं, "तोंडानं मागा. मला माणसाची भाषा कळते, काठीची नाही." ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की लग्नानंतरच्या पहिल्या भांडणाची आठवण झाली. माझ्या हातून तांदूळ सांडत होते, वाटत होतं, किती ही दुष्ट बाई. बऱ्याच वेळानं संतापलेला आवाज आला, "पा... णी." मी पाणी दिलं आणि आत जाऊन पोटभर रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि म्हटलं, "चहा पाहिजे असेल तर तोही मागा."

गावालाही मी सांगून टाकलं, गोड बोलायला यायचं असेल तर येऊ नका, काम असेल तर या. मग लोक कामं घेऊन यायला लागले. कुणाची म्हैस पान्हा सोडत नव्हती, कुणाच्या बांधाचा वाद होता, कुणाला बी कुठलं धरायचं ते ठरत नव्हतं. ह्यांना एकेका शब्दाला घाम फुटायचा आणि समोरचा माणूस उत्तर मिळेपर्यंत बसून राहायचा, कारण उत्तर घेतल्याशिवाय घरी जाऊन तो करणार काय? भाऊजी रोज यायचे. काम असो नसो, भांडण घेऊन यायचे. पुण्याच्या बाईंकडं गेलो तेव्हा ह्यांचे शब्द मोजायचं त्यांनी मध्येच सोडून दिलं. विचारलं, "काय केलंत तुम्ही?" ह्यांनीच उत्तर दिलं, "भांडलो."

हे पुढचं झालं; लावणी त्याच आठवड्यात वरून धरली. बिळं बुजवून बांध पक्का केल्यावर आमच्या खाचरांचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आतापर्यंत तो बाबांशी बोलायचा ते माझ्यामार्फत, बाबांना विचार, बाबांना सांग. त्या दिवशी मी मोबाईल ह्यांच्या समोर धरला आणि गप्प बसले.

"बाबा, त्या प्रोग्रॅमचं नवीन आलंय," तो म्हणाला. "आता तो तुमच्या शेताबद्दल, माणसांबद्दल माहिती घेऊन बोलेल. टाकू का?"

"न्हाई."

"बरं. मग दुसरं काही पाठवू? काय पाहिजे तुम्हाला?"

हे ओठ हलवत राहिले. काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. चार महिने मला ते कळत होतं आणि माझ्याही जिभेवर तेच होतं. मी ओठ दातांत धरला. हे माझं काम नव्हतं.

"तू... ये," हे म्हणाले.

मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या ऑफिसमध्ये जरा..."

"सावड... आपली हाय." एवढं म्हणून हे थांबले, दम घेतला. "एक... माणूस... कमी."

पडद्यावर एकदम त्याच्या घराचं छत दिसायला लागलं. मोबाईल त्यानं खाली ठेवला असावा. नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग फोन बंद झाला. ह्यांनी काठी घेतली, ओट्यावर जाऊन बसले.

सकाळी सात वाजता मोटरसायकल दारात. रेनकोट, भारीचे बूट, आणि चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कॉलेजला गेल्यापासून जो खाचरात उतरला नव्हता तो उतरला. ह्यांना भाऊजींनी खांद्याला धरून बांधावर आणलं, खुर्ची टाकली, वरून प्लास्टिक धरायला काठ्या रोवल्या. मुलगा रोपाची मूठ घेऊन ओळीत वाकला. दोन रोपं लावली, तिसरं लावलं, आणि बांधावरून आवाज आला, "खोल. लई खोल. वर घे."

त्यानं वर घेतलं. परत आवाज आला, "वाकडं." मग, "मागं बघ. पाय दिलास त्याच्यावर." सगळ्या बाया हसायला लागल्या, भाऊजी तर कंबरेवर हात ठेवून हसले. मी बांधावर चहाची किटली घेऊन उभी होते आणि ह्यांचा आवाज ऐकत होते. अजून अडखळत होता, मधेच तुटत होता, पण डोंगराला लागून परत येत होता.

त्या दिवशी आमच्या खाचरात चौदा माणसं होती. ह्यांनी एकालाही सोडलं नाही. जावेला ओळ विरळ म्हणून, भाऊजींना मूठ मोठी म्हणून, मला चहा गार म्हणून. पण सगळ्यांत जास्त बोलणी आमच्या मुलानं खाल्ली, आणि चिखलात वाकलेला तो दर वेळी मान वर करून "व्हय बाबा, व्हय" म्हणत होता.